मागच्या भिंतीतलं दार

आत्या भिंतीवर पाणी मारत होत्या आणि पाइपाला पीळ पडू नये म्हणून मी मागं धरून उभी होते. नव्या विटा पाणी पितात तेव्हा एक वास सुटतो, तो सगळ्या माळावर पसरला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आये."

आत्यांचा हात थांबला नाही. पाण्याची धार भिंतीवर तशीच फिरत राहिली. वळून बघितलं ते मी. उत्तम उभा होता. माझा नवरा. गालफडं बसलेली, शर्टाची कॉलर विरलेली. त्याच्या मागं हातात कापडी पिशवी घेऊन एक बाई उभी होती. एक हात कमरेवर, पोट पुढं आलेलं.

"घर झालं म्हणं," तो म्हणाला. माझ्याकडं बघून नाही, भिंतीकडं बघून.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांनी भिंतीचा वरचा कोपरा भिजवला, मग खालचा भिजवला, आणि सगळं संपल्यावरच म्हणाल्या, "मालन, नळ बंद कर."

मी नळ बंद करून आले तेव्हा आत्यांनी त्या बाईला विटांच्या थप्पीच्या सावलीला बसवलं होतं आणि आपल्या तांब्यातलं पाणी दिलं होतं.

"कितवा?" आत्यांनी विचारलं.

बाईला कळलं नाही. उत्तम म्हणाला, "तिला मराठी कमी येतं. आठवा लागलाय."

"नाव काय?"

हे तिला कळलं. "महादेवी," ती म्हणाली.

त्या वेळी मी त्याचं नाव घेत नव्हते. आता घेते. उत्तम ट्रक चालवायचा, सांगलीहून हळद भरून खाली कर्नाटकात जायचा. आधी आठ दिवसांनी यायचा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. रेश्मा बालवाडीत जायला लागली त्या वर्षी तो यायचाच बंद झाला. विजापूरकडं त्यानं दुसरं लग्न केलंय, हे आम्हाला दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळलं. तेव्हा वस्तीतल्या बाया आत्यांना म्हणाल्या होत्या, आता सुनेला तिच्या भावाकडं पाठवून द्या, तुमच्या एकटीचं कसंही भागेल. आत्या म्हणाल्या, "लेक गेला म्हणून सून जाती व्हय?" एवढंच. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. आम्ही दोघी हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायला जायचो, संध्याकाळी एकाच तव्यावर भाकरी करायचो.

मग महापूर आला. नदीकाठची आमची वस्ती, घाटाखालची, पार वाहून गेली. घर म्हणायला कुडाच्या भिंती आणि वर पत्रा होता, तो पत्रासुद्धा सापडला नाही. आम्हाला गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. एका लांबच लांब शेडमध्ये मधे पोत्यांचे पडदे लावून एकेक कुटुंब. सरकारी माणसं आली, फोटो काढून गेली. 'ओसरी' नावाची संस्था मात्र आली ती राहिली. त्यांनी माळाचा तुकडा घेतला आणि तिथंच घरं बांधायला काढली. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं बसण्यापुरता कट्टा. परवडेल तसं थोडं थोडं फेडायचं आणि आपल्या घराच्या कामात आपण हात लावायचा. वीट वाहायची, वाळू चाळायची, पाणी मारायचं. घर विकता यायचं नाही, आणि ते बाईच्या नावावर होणार, असा त्यांचा नियम होता. आमच्या घरात पुरुष नव्हता. बाया दोन होत्या, म्हणून दोघींची नावं लागली. आधी आत्यांचं, मग माझं.

ते घर जोत्यापासून उभं राहताना मी बघितलं होतं. माझं माहेर म्हणजे भावाच्या घरातला एक कोपरा. सासर म्हणजे कूड. छपराखाली स्वतःच्या नावानं उभं राहायचं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून गोदामातून सुटल्यावर मी रोज वाट वाकडी करून त्या घराकडून जायची. नुसता हात लावायची भिंतीला आणि शेडकडं यायची.

आणि आता हा आला होता.

शेडमधला आमचा भाग म्हणजे चार माणसं पाय पसरून निजली की संपला. त्यात आता पाच झालो. आत्यांनी कुणाला काही विचारलं नाही. महादेवीला भिंतीकडची जागा दिली, तिच्या पायाखाली उशी ठेवली. तिचे पाय सुजून भाकरीसारखे झाले होते. रेश्मा मला चिकटून बसली. बापाला तिनं ओळखलं नव्हतं. कुणाचे पाहुणे आहेत, असं तिनं मला हळूच विचारलं.

उत्तम वाईट माणूस होता असं म्हटलं तर गोष्ट सोपी होईल, पण तसं नव्हतं. पहिल्याच सकाळी त्यानं शेडची गळती जागा डांबर लावून बुजवली. शेजारच्या म्हातारीचा स्टोव्ह दुरुस्त करून दिला. दुसऱ्या दिवसापासून सगळी शेड त्याच्याशी हसून बोलायला लागली. ट्रकच्या मालकानं त्याला काढून टाकलं होतं. महादेवीच्या भावांनी दोघांनाही घराबाहेर काढलं होतं. तो कुठं जाणार होता, हे त्यालाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पाण्याची घागर भरत होते, तेव्हा तो जवळ आला.

"मालन, दोन खोल्या हायत म्हणं."

मी घागर नळाखाली नीट सरकवली.

"मी तुझ्यापाशी काय मागत न्हाई. मला तोंड न्हाई तुझ्यापाशी मागायला. मी आईपाशी मागतोय. एक खोली तुझी आणि पोरीची. एक आईची. आईच्या खोलीत आईचा लेक राहिला तर तुझं काय गेलं?"

"आत्या काय म्हणल्या?"

"ती काय म्हणणार? आई हाय ती माझी."

घागर भरून वाहायला लागली होती. मी ती उचलली आणि चालायला लागले. पाणी हिंदकळून माझं अर्धं लुगडं भिजलं, ते शेडमध्ये आल्यावर कळलं.

मी आत्यांना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, ते खोली मागायलेत."

"मला बी म्हणला."

"मग?"

"मग काय," आत्या म्हणाल्या आणि सूप झटकलं. "हिला उद्या दवाखान्यात दाखवाय न्यायला पायजे. पाय बघ किती सुजल्यात."

त्यापुढं त्या बोलल्याच नाहीत. मला वाटलं, ओरडतील, रडतील, त्याला शिव्या देतील, नाहीतर मला तरी समजावतील. काहीच नाही. उलट रोज सकाळी त्या महादेवीच्या पायाला कोमट तेल चोळायच्या. ज्या हातांनी माझ्या बाळंतपणात मला शेक दिला, तेच हात. मी तिकडं पाठ करून चूल पेटवायची. कशातच मन लागेना. गोदामात मी लांब हळकुंडं आणि गोल गड्डे एकाच ढिगात टाकले, मुकादमानं सगळा ढीग पुन्हा निवडायला लावला. रस्त्यानं चालताना कुणी हाक मारली तरी दचकायची. घराला रंग द्यायचं काम सुरू झालं होतं, दारं बसत होती, आठवड्यात चाव्या मिळणार होत्या. सगळ्या बाया कुठला कट्टा कुठं, तुळस कुठं लावायची, याच्या गप्पा मारत होत्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एके दिवशी गोदामातून येताना मी नेहमीसारखी घराकडं वळले. आमच्या मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं दोन उभ्या रेघा ओढल्या होत्या. वर एक आडवी. दाराच्या मापाच्या.

गवंडी पलीकडच्या घराचा उंबरा बसवत होता. मी त्याला विचारलं, हे काय आहे.

"तुमचं मालक आलते की," तो म्हणाला. "मागनं वेगळं दार पाडून द्या म्हणत हुते. म्हणजे दोन बिऱ्हाडं वेगळी व्हतील. मी म्हणलं, ओसरीच्या ताईंना विचारल्याबिगार मी भिंतीला छिन्नी लावणार न्हाई. ते म्हणले, आई हाय ना संगं."

"आत्या होत्या?"

"हुत्या की. हितंच उभ्या हुत्या."

"काय म्हणल्या?"

"काय न्हाई म्हणल्या. भिंतीला हात लावून बघत हुत्या."

मी पदर ओला केला आणि त्या रेघा पुसल्या. ओल्या भिंतीवरचा खडू पुसला तरी पांढरट राहतो. मी पुन्हा पुसलं. बोटं सोलली तरी माझं पुसणं थांबेना. गवंडी काम सोडून माझ्याकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी रेघा पुन्हा होत्या, या वेळी कोळशानं.

मी शुभदाताईंना गाठलं. शुभदाताई ओसरीच्या कामाच्या मुख्य. बारीक चणीच्या, पायात कापडी बूट घालून वाळूच्या ढिगावर चढणाऱ्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मला सिमेंटच्या पोत्यावर बसवलं.

"मालनताई, घर तुम्हा दोघींचं आहे. तिसऱ्याला ठेवायचं की नाही, हे तुम्ही दोघींनी ठरवायचं. आम्ही त्यात पडणार नाही."

"आणि दोघींचं एक झालं नाही तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग अवघड आहे. त्या आपल्या मुलाला त्यांच्यासोबत ठेवते म्हणाल्या, तर तुम्ही त्यांना अडवू शकत नाही. घर त्यांचंही आहे."

"आणि त्यांच्या माघारी?"

"तिथं आमचा नियम चालत नाही, कायदा चालतो. त्यांचा वाटा त्यांच्या वारसाला. म्हणजे मुलालाच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्या काय म्हणतात?"

"त्या बोलतच नाहीत."

"तुम्ही त्यांच्याजवळ नीट बसून बोला."

नीट बसून बोलायला शेडमध्ये जागा कुठं होती! आणि मी बोलणार काय? तुमच्या लेकाला हाकलून द्या? त्याच्या बायकोला आठव्या महिन्यात रस्त्यावर काढा? हे वाक्य मी मनात हजार वेळा तयार केलं, पण तोंडातून बाहेर येईना. माझ्यापेक्षा तो त्यांना जवळचा, हे तर उघडच होतं. मी सून. जोडलेली. तो त्यांच्या पोटातून आलेला.

त्या दुपारी शेडमध्ये मी आणि महादेवी दोघीच होतो. आत्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या रेश्माच्या हाताशी लागू नयेत म्हणून वर टांगून कुठंतरी गेल्या होत्या. महादेवी पोत्याच्या पडद्याला टेकून बसली होती. आल्यापासून मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी भांडी घासत होते, जरा जास्तच आपटून.

"अक्का," ती म्हणाली.

मी पुढचं भांडं ओढलं.

"अक्का, मला म्हाईत नव्हतं. तुमी हाय, मुलगी हाय. लग्नाच्या नंतर कळलं." ती एकेक शब्द शोधून ठेवत होती. "मग मी म्हणलं, जा तुमी तिकडं. जात नव्हतं."

मी घासायची थांबले.

"मला घर नको," ती म्हणाली आणि पोटावर हात ठेवला. "हे बाहेर येईपर्यंत जागा पायजे. मग जातो मी. कुठं पण."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती मला पटवत नव्हती, नुसतं सांगत होती. मला तिचा राग करायचा होता, चार वर्षं साठवलेला सगळा राग कुणावर तरी ओतायचा होता, आणि समोर ही बसली होती. वीस-बावीस वर्षांची, पाय सुजलेली, परक्या गावात. मी भांडी तशीच टाकून बाहेर गेले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. माळावर दोन चकरा मारल्या आणि परत आले.

चाव्या द्यायचा दिवस उजाडला. माळावर मांडव घातला होता. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, पुरात जे वाचलं होतं ते. आधी प्रत्येक घराचा कागद वाचून दाखवायचा, नावं विचारायची, अंगठा किंवा सही घ्यायची आणि मग चावी. मी रेश्माची वेणी घालत होते. आत्यांना हाक मारली तर त्या नव्हत्या. उत्तमही नव्हता.

शेजारीण म्हणाली, "मायलेक कवाच गेल्यात मांडवात."

मी रेश्माला ओढत निघाले. तिची एक वेणी अर्धवटच राहिली.

मांडवाच्या टोकाला टेबल होतं. टेबलामागं शुभदाताई. समोर आत्या उभ्या होत्या, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. त्यांच्या मागं उत्तम. त्याच्या चेहऱ्यावर मी लग्नाच्या वेळी बघितलेलं हसू होतं. मला वाटलं, इथूनच मागं फिरावं, रेश्माला घेऊन भावाच्या दारात जाऊन बसावं. पण शुभदाताईंनी मला बघितलं आणि हात केला.

"मालनताई, या. बरं झालं आलात. आत्या नाव काढायला सांगताहेत."

"माझं?" माझ्या तोंडून गेलं.

"नाही. स्वतःचं."

उत्तम पुढं झाला. "काढा. आणि तितं माझं घाला. उत्तम मारुती आवळे."

शुभदाताईंनी आत्यांकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "कुणाचं घालू नका. हिचं एकलीचं ऱ्हाऊ द्या."

मांडवात गोंधळ होता, मुलं पळत होती, कुणीतरी नारळ फोडत होतं. तरी मला ते स्पष्ट ऐकू आलं. उत्तमला मात्र कळायला वेळ लागला. तो हसत होता, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"आये, काय बोलतीस? तू म्हणलीस ना मला सकाळी, माझं नाव काढायचंय, चल संगं."

"तेवढंच म्हणली मी."

"मग मी कुटं जाऊ? हिला कुटं नेऊ?" त्याचा आवाज चढला. लोक बघायला लागले. "चार वर्सांनी दारात आलो तर ही किंमत केलीस व्हय? मी तुझा कोण लागतो?"

"लेक हाईस," आत्या म्हणाल्या. "म्हणूनच."

त्याला त्याचा अर्थ लागला नाही. मलाही नाही. शुभदाताई म्हणाल्या, "आत्या, पुन्हा एकदा विचार करा. एकदा नाव काढलं की तुमचा या घरावर काही हक्क राहणार नाही. मालनताईंनी ठेवलं तरच तुम्ही तिथं राहू शकाल."

"कळतंय मला," आत्या म्हणाल्या आणि डावा अंगठा पुढं केला. शाईत बुडवला, कागदावर दाबला, आणि पदराला न पुसता तसाच वर धरून उभ्या राहिल्या.

मग माझी सही झाली. सातवीपर्यंत शिकलेली मी, 'मालन' मधला 'ल' पुन्हा गिरवला. चावी माझ्या हातात आली. आत्यांशी काहीतरी बोलावं म्हणून मी वळले, तर त्या शेडकडं चालत निघालेल्या. मी मागं धावले.

शेडमध्ये त्यांनी गाठोडं बांधायला घेतलं होतं. दोन लुगडी, तेलाची बाटली, रेश्माच्या वेळचं जुनं दुपटं.

"आत्या, कुठं निघालात?"

"कुपवाडला. त्याच्या वळखीच्या गॅरेजवाल्याची खोली हाय मागं. मोकळीच हाय. म्या काल जाऊन बघून आली."

"आणि घर?"

"घराला काय झालं? जा की ऱ्हायाला."

"तुम्ही?"

"हिचं बाळंतपण कोण करणार?" त्यांनी महादेवीकडं बोट केलं. "हिची आई न्हाई आणि भावांनी टाकली."

मी म्हणाले, "मग इथंच करू. मी करीन."

त्यांनी गाठ मारता मारता माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच इतक्या दिवसांत.

"नको," त्या म्हणाल्या. "त्या घराचा उंबरा त्याला वलांडू द्यायचा न्हाई आत्ता."

उत्तम बाहेर उभा होता. रिक्षा आणली त्यानंच. महादेवीला हात धरून चढवलं. आत्या बसल्या. रेश्मा रडायला लागली. रिक्षा माळाच्या उतारावरून धुरळा उडवत गेली आणि मी हातात चावी घेऊन उभी राहिले.

नव्या घरात आम्ही दोघी राहायला गेलो. शेजारणींनी दूध उतू घातलं, दारावर आंब्याचा डहाळा बांधला. सगळ्या एकच बोलत होत्या, शेवटी आई ती आईच, लेकामागं गेली. कुणी म्हणे, म्हातारीनं घर दिलं पण सुनेला टाकलं. मला काही सुचत नव्हतं. दोन खोल्यांत फिरत राहायची. या खोलीतून त्या खोलीत. एक खोली रिकामीच होती, तिथं काय ठेवावं कळेना. भाकऱ्या करताना हात सवयीनं तिसरी थापायचा. त्यांनी असं का केलं असेल, या विचारानं मी दिवस दिवस सैरभैर असायची. कधी वाटायचं, माझ्यासाठी केलं. मग वाटायचं, कसलं माझ्यासाठी, त्यांना लेकाकडं जायचंच होतं, जाताना ओझं टाकून गेल्या. रेश्मा विचारायची, आजी कधी येणार? मी तिला खेळायला पाठवायची. एकदा कुपवाडला जायला निघाले, बसस्टॉपवर उभी राहिले, बस आली, गेली, आणि मी घरी परत आले. माझ्या नावाचं घर होतं ते. तिथं बसवत नव्हतं आणि बाहेर जावत नव्हतं.

महादेवीला मुलगा झाल्याचं कळलं. त्यानंतर बरेच दिवस काहीच नाही.

मग एका रविवारी सकाळी मी कट्ट्यावर बसून रेश्माच्या केसांत तेल घालत होते. समोरच्या रस्त्यानं आत्या येताना दिसल्या. काखेत तेच गाठोडं. वाळल्या होत्या. रेश्मा धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. तिला घेऊन त्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. कट्ट्याच्या खालीच.

"मालन," त्या म्हणाल्या, "ठेवून घेशील का मला?"

मी म्हणाले, "असं काय बोलता आत्या? तुमचंच घर आहे."

"न्हाई," त्या जरा जोरातच म्हणाल्या. "माझं न्हाई. तुझं हाय. म्हणून इचारती."

"का काढलंत नाव?" माझा आवाज मलाच परका वाटला. "मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. इतके दिवस मी..."

त्या तिथंच, रस्त्यावरच्या दगडावर बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं.

"सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस. आणि म्या थांबली असती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुला वाटत असंल, आत्या लई घट्ट. न्हाई गं. तो आला ना त्या दिवशी, पाणी मारताना, मला मागं बघायचं धाडस झालं न्हाई. बघितलं असतं तर तितंच म्हणली असती, ये, हे घर तुझंच. त्यो खडूच्या रेघा मारत हुता, आणि माझ्या मनात हुतं, दार कुटं पाडलं म्हंजे त्याला वारा चांगला लागंल."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"नावच नसलं तर देऊ काय? म्हणून काढलं. तितं कुपवाडला बाळाला माझ्या मांडीवर ठेवून तो म्हणायचा, आये, ओसरीच्या ताईंना सांग, तुझी खोली परत माग. एक डाव न्हाई, सारखं म्हणायचा. लेकरू माझं बोट धरून झोपलेलं असायचं. दर डाव माझ्या तोंडात यायचं, घे. पण घे म्हणायला हुतंच काय माझ्याकडं?" त्या हसल्या, पण हसू लगेच वाकडं झालं. "आता त्यानं नाद सोडलाय. गॅरेजात कामाला लागलाय. पोरगी चांगली हाय, सांभाळंल त्याला. माझं तितलं काम झालं."

त्यानंतर आत्या पुष्कळ वर्षं जगल्या. उत्तम सणावाराला यायचा, कट्ट्यावर बसून चहा पिऊन जायचा. महादेवी मुलाला घेऊन आत यायची, मला अक्काच म्हणायची. पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी आत्या दगडावर बसून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. खरोखरच बघत होत्या. मी नाही म्हणाले असते तर गाठोडं उचलून त्या चालायला लागल्या असत्या, हे मला त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

मी उठले. तेलाचे हात पदराला पुसले. लहानपणापासून मी दुसऱ्यांच्याच उंबऱ्यावर उभी राहिले होते, आई-बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या. आत घ्यायचं की नाही, हे नेहमी दुसऱ्यानं ठरवलेलं. कुणाला घरात बोलवायची माझी ती पहिलीच वेळ होती. मी बाजूला सरकून दाराची वाट मोकळी केली.

"या," मी म्हणाले. "आत या, आत्या."